तोंड मिटून दिलेली परीक्षा

पार्वतम्मा बेंगळुरूला गेली ती नातवाच्या बारशापुरती. मग त्याला दात येईपर्यंत, मग चालायला लागेपर्यंत, आता शाळेत रुळेपर्यंत. आई मुलाच्या संसारात जमा झाली आणि सोलापुरात नवऱ्याच्या, संगप्पाच्या, संसारातून वजा झाली. ज्याच्याकडून वजा झाली, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

संगप्पा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या वायरी सांभाळायचा. आधी टेलिफोनच्या सांभाळायचा. टेलिफोन गेले, वायरी राहिल्या, वायरींबरोबर तोही राहिला. यंदा पुण्याहून नवा साहेब आला. त्याला संगप्पाचं काम दिसत होतं, पण कागद दिसत नव्हता. नेटवर्किंगची परीक्षा दिवाळीच्या आत पास व्हा, नाहीतर हे काम कंत्राटदाराकडं जाईल, असं त्यानं चहा पाजून सांगितलं.

मुलगा मल्लिनाथ फोनवर म्हणाला, जाऊ द्या की आप्पा, या वयात कुठं परीक्षा, इकडंच या राहायला. त्यात प्रेम नव्हतं असं नाही. पण हॉलमधल्या दिवाणावर झोपायचं, सुनेची मीटिंग चालू असली की खोकला गिळायचा आणि नातवाला बसपर्यंत सोडायचं, हा त्या प्रेमाचा तपशील होता. संगप्पाला स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या घरात म्हातारं व्हायचं होतं. त्यानं परीक्षेला नाव घातलं.

अभ्यासाची त्याची रीत एकच, वाचलेलं पार्वतम्माला सांगायचं. ती होती तेव्हा कारखान्यातलं सगळं तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून कानडीत सांगायचा आणि ती भाकरी थापता थापता ‘हूं’ म्हणायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण त्या ‘हूं’वर त्याची समजूत पक्की व्हायची. आता ती नव्हती, तरी सांगणं सुटलं नव्हतं. राउटर म्हणजे बघ, कुर्डुवाडी जंक्शन. पुण्याची गाडी पुण्याला, पंढरपूरची पंढरपूरला. रूळ चुकला की माणूस भलत्याच गावी. असं तो रोज रिकाम्या ओट्याला समजावून सांगायचा.

परीक्षा घरूनच द्यायची होती. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कुठल्याशा देशातला एक माणूस नजर ठेवणार होता. संगप्पानं त्याला खोली दाखवली, टेबलाखालचं दाखवलं, रिकामे हात दाखवले. प्रश्न सुरू झाले आणि थोड्याच वेळात तो सवयीनं पार्वतम्माला सांगायला लागला. पडद्यावर सूचना आली, बोलू नका. तो ‘सॉरी’ म्हणाला, तेही मोठ्यानं. मग राउटरचा प्रश्न आला आणि कुर्डुवाडी तोंडातून निसटलीच. परीक्षा बंद पडली. कारण दिलं होतं, खोलीत दुसरी व्यक्ती असल्याचा संशय.

संगप्पाच्या घरात दुसरं कुणी असेल असा संशय घेणारा, अख्ख्या जगात तो कॅमेऱ्यापलीकडचा माणूस एकटाच.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये स्टोअरचा खालिद हे ऐकून हसून बेजार झाला.

“काका, खरं सांगा, कुणाशी बोलत होता?”

“कुणाशी न्हाय.”

“मग कॅमेऱ्याला उगंच संशय आला व्हय?”

“कुणी न्हाय म्हटलं की घरात.”

खालिदचं हसू ओसरलं. जाता जाता त्यानंच एक उपाय सांगितला. त्याची अम्मी घरात भांडण नको म्हणून तोंडात पाण्याची गुळणी धरून बसायची.

संगप्पानं ते मनावर घेतलं, परीक्षेला पुन्हा नाव घातलं. संध्याकाळी गुळणी धरायची आणि सरावाचा पेपर सोडवायचा. पहिले काही दिवस ‘अगं’ म्हणायला तोंड उघडायचं आणि पाणी छातीवर सांडायचं. उंबऱ्यात बसलं की हमखास. म्हणून त्यानं उंबरा सोडला, भिंतीकडं तोंड करून बसायला लागला. हळूहळू शर्ट कोरडा राहू लागला. पलीकडच्या गल्लीत यंत्रमाग चालतो, हे इतकी वर्षं तिथं राहून त्याला आता ऐकू आलं. पुढं पुढं मनातल्या मनात सांगणंही थांबलं, आणि तेव्हापासून उत्तरं चटाचट बरोबर यायला लागली. फायदा झाला होता खरा. तो घरात कुणाला दाखवावा, एवढंच कळेना.

दुसऱ्या खेपेला तो दगडासारखा बसला. कॅमेऱ्यापलीकडच्या माणसाची कसलीच तक्रार राहिली नाही. पडद्यावर ‘पास’ असं आलं, तेव्हासुद्धा संगप्पाच्या तोंडून शब्द निघाला नाही.

साहेबानं हात मिळवला. काम राहिलं. संध्याकाळी त्यानं बेंगळुरूला फोन लावला. एरवी फोन नातवाच्या हातात असायचा, आज पार्वतम्मानंच उचलला. पास झालो, नोकरी राहिली, एवढं सांगून तो थांबला.

“चांगलं झालं की,” ती म्हणाली. मग तिनं कुकर बंद केल्याचं ऐकू आलं. “म्हंजे आता तुमी येत न्हाय.”

“कुटं?”

“हितं. तुमची परीक्षा बुडाली तवा मी कपाटातला एक कप्पा मोकळा केला हुता, तुमच्या कपड्यांला. मल्लिनाथला बोलले न्हाय. आता पोराची खेळणी ठिवते त्यात.”

“नको,” संगप्पा म्हणाला. “असू दे मोकळा.”

“कशाला?”

संगप्पा फोन घेऊन पुन्हा उंबऱ्यात जाऊन बसला. तिनंही फोन ठेवला नाही.