जगदेवीचं मुसळ

बसव्वानं जगदेवीला घरात ढकललं आणि बाहेरून कडी घातली. खालच्या वस्तीतले आम्ही सगळे नुसते बघत होतो. बसव्वा म्हणजे वस्तीच्या गिरणीची अध्यक्ष. तिच्या तोंडाला लागेल कोण?

सोलापूरच्या संस्थेची बाई त्या दिवशी येणार होती. वर्गणी काढून आम्ही गिरणी उभी केली होती आणि इंजिन संस्थेनं दिलं होतं. त्या गिरणीनं वस्तीचं किती भलं झालं, हे बाई घरोघर विचारून मोजणार होती. मोजणी बरी निघाली तर दुसरं मिशीन मिळणार होतं.

भलं झालंच होतं, खोटं कशाला बोलू? पण जगदेवीचं वाटोळं झालं होतं. नवऱ्यामागं ती अर्ध्या वळसंग गावाचं दळण जात्यावर दळून पोट भरायची. गिरणी आली आणि तिच्या दारात कुणी ज्वारीची पाटी घेऊन येईना. ठसका पिठात उतरतो म्हणून गिरणीत मिरची घेत नसत. तेवढी मिरची कुटून ती आता कशीबशी जगत होती.

"बसव्वा, कडी काड! मी कुनाचं घोडं मारलंय गं?" जगदेवी आतून ओरडली. "गिरणीनं माझ्या पोटावर पाय दिला, एवढंच बाईला सांगनार हाय. गिरणीत झाडायला तरी ठिवा मला!"

"म्हंजे बाई आली तशी माघारी जाईल. दुसरं मिशीन तुजा बाप दील व्हय?"

"माज्या बापावर जाऊ नगंस, सटवे!"

तेवढ्यात फुफाटा उडवत जीप आली. चैत्राचं ऊन, सावली कुठं नाही. बाई पदरानं तोंड पुसत दारोदार फिरायला लागली. तसं जगदेवीच्या घरातून धप्प, धप्प सुरू झालं. असल्या रागानं तिला मिरची कुटताना मी कधी ऐकलं नव्हतं. खिडकीतून ठसका बाहेर आला आणि बाई खोकून खोकून लाल झाली.

"आत कोण आहे? कडी का लावलीय?"

बसव्वाला कडी काढावीच लागली.

घाम आणि तिखटानं माखलेली जगदेवी दारात आली. बाईनं विचारलं, "गिरणी यायच्या आधी दळणात किती वेळ जायचा तुमचा?"

"उजाडल्यापास्नं दिस बुडूस्तवर."

"आणि आता?"

"आता कसलं दळन? जातं भिताडाला टेकवून ठिवलंय."

बाईचा चेहरा खुलला. "अख्खा दिवस वाचला की तुमचा! एवढा वेळ वस्तीत दुसऱ्या कुणाचाच वाचलेला नाही."

जगदेवी चिडली की तिची मराठी संपते आणि कानडी सुरू होते. पोटावर थापा मारत ती कानडीत तडातडा बोलत सुटली. बाईला एक अक्षर कळेना.

"काय म्हणतायत?"

बसव्वा जागची हलली नाही. "दळून दळून पोट दुकायचं म्हंती. लई हाल व्हते."

आम्हा सगळ्यांना कानडी कळत होती. दुसरं मिशीनही सगळ्यांनाच हवं होतं. त्या निर्लज्ज गर्दीत मीही होतो.

जगदेवीनं दोन्ही हात बाईपुढं धरले. तळवे सुजून फुटले होते आणि भेगांत तिखट बसलं होतं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरेरे! हे हाल मी चालू देणार नाही. दुसरं मशीन मिरची कुटायचंच देऊ आम्ही."

टाळ्या कडाडल्या. बसव्वानं बाईला नारळ दिला. जगदेवी तशीच हात पुढं करून उभी राहिली. जीप गेल्यावर ती आत गेली आणि मुसळ घेऊन बाहेर आली. बसव्वा चार पावलं मागं सरली. जगदेवीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती गिरणीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली आणि मुसळ मांडीवर आडवं घेतलं.

"ऊट तितनं!" बसव्वा लांबूनच खेकसली. "दळनाचा खोळंबा होतोय!"

"मिरचीचं मिशीन माज्या हातात देणार, म्हना समद्यांदेखत. मग उटते."

"आन न्हाय म्हटलं तर?"

दळणाच्या पाट्या घेऊन उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांवर जगदेवीनं एकदा नजर फिरवली.

"तर बसा की उन्हात. लई येळ वाचलाय न्हवं तुमचा?"