साडेचार सेंटिमीटरचा श्वास

मी एक जुनी मोजपट्टी आहे, मित्रांनो. कापडी, दीडशे सेंटिमीटर लांब, आणि मोजण्याच्या बाबतीत कुणाची भीडभाड न ठेवणारी! माझ्याबरोबर जन्मलेल्या बहिणी शिंप्यांकडे गेल्या आणि आयुष्यभर कंबरा मोजत बसल्या. मी मात्र दवाखान्यात, रुग्णांना व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमच्या खिशात आले. माझं काम श्वास मोजण्याचं.

श्वास कसा मोजतात, सांगू? मला छातीभोवती गुंडाळायचं. सगळी हवा सोडायची, मग छाती भरून घ्यायची. या दोन मापांतला फरक, तोच माझा आकडा. तो चार-पाच सेंटिमीटर आला की मॅडम खूश. “ही पट्टी कधी चुकत नाही,” असं त्या सगळ्यांना सांगायच्या. खोटं कशाला बोलू, त्या कौतुकाने मी चढून गेले होते.

मग काचवाले काका आले. लांब नळीतून फुंकून ते तापलेल्या काचेच्या बरण्या घडवत. छातीतल्या गाठीमुळे त्यांच्या डाव्या बाजूच्या तीन बरगड्या काढाव्या लागल्या होत्या. कामावर परतायला त्यांना मॅडमच्या सहीचा कागद हवा होता.

काकांनी छाती भरली. मी सांगितलं, साडेचार.

“बघा! आता द्या कागद. नाहीतर कारखान्यात खोकी भरायला बसवतील मला. तीस वर्षं भट्टीपुढे काढलीत, मॅडम.”

मॅडमनी पेन उघडलं. तेवढ्यात त्यांच्याबरोबर आलेल्या, स्टुलावर बसलेल्या काकू म्हणाल्या, “दोन जिने चढताना हे तीनदा वाकले. म्हणे, चपलेचा पट्टा लावतोय. यांच्या चपलेला पट्टाच नाहीये!”

“अगं, तू गप्प बस ना.”

मॅडमनी पेन बंद केलं. माझं एक टोक काकांच्या पाठीच्या कण्यावर धरलं, दुसरं छातीच्या मधल्या हाडावर, आणि एकेक बाजू वेगळी मोजली. उजवी चार. डावी जेमतेम अर्धा. जोरात श्वास घेतला की बरगड्या नसलेला भाग फुगायच्या ऐवजी आतच ओढला जाई. बरगड्यांचा पिंजरा पसरतो तेव्हा फुप्फुसात हवा शिरते. डावीकडे पसरायला फारसं काही उरलंच नव्हतं. उजवी बाजू एकटी राबत होती. अशा अवस्थेत भट्टीपुढे चक्कर आली असती तर?

माझा आकडा खरा होता, मित्रांनो. तरी त्याच्या आडोशाला काकांची धाप लपली होती. मला फार वाईट वाटलं.

“म्हणजे संपलं सगळं?” काकांनी विचारलं.

“संपलं कसलं? बरगड्या काही परत उगवणार नाहीत. पण श्वास आत ओढणारा छातीखालचा पडदा शाबूत आहे ना, त्याला कामाला लावू. काकू, यांच्या डाव्या कुशीवर तळवा ठेवा. काका, त्या तळव्यापर्यंत श्वास न्या. सावकाश.”

काकूंनी रोज सकाळ-संध्याकाळ तळवा ठेवला. काका कधी चिडले, कधी कंटाळले, पण करत राहिले. महिन्याने डावी बाजू एकावर आली. तिसऱ्या महिन्यात कागद मिळाला. त्यावर मॅडमनी लिहिलं होतं, फक्त लहान बाटल्या, आणि तासातासाला विश्रांती. काकांनी तो दोनदा वाचला आणि मान डोलावली.

आता माझे आकडे पुसट झालेत. मला फार ताणू नका, ताणलेली कापडी पट्टी चुकीचं माप देऊ लागते. आणि तुम्हाला धाप लागत असेल तर घरच्यांना सांगा. चांगली बाजू पुढे करून दुखरी झाकू नका.

परवा काका तपासणीला आले. सदरा काढून त्यांनी माझं टोक स्वतःच मॅडमच्या हातात दिलं. “आधी डावी मोजा,” म्हणाले.

दीड आलं. काकांनी तो आकडा मोठ्याने वाचला, स्टुलावरच्या काकूंना नीट ऐकू जाईल असा.