माझ्या पाठीमागची भिंत

मी एक जुनं लाकडी कपाट आहे, आणि एरवी माझ्या पाठीबद्दल कोणी बोललेलं मला खपत नाही. पुढून मला खुशाल बघा. दोन उंच दारं, पितळी मुठी आणि उजव्या दारावर माणूसभर उंच आरसा. ज्या सुताराने मला घडवलं त्याने दारं घासूनपुसून अशी चकचकीत केली की दुकानात येणारा प्रत्येक जण हात फिरवून जायचा. पाठीला मात्र त्याने पातळ फळ्या ठोकून दिल्या. "पाठ कोण बघतंय?" असं तो म्हणाला. मित्रांनो, आज मला त्या पाठीबद्दलच सांगायचंय.

मला विकत घेतलं एका पत्तेवाल्याने. गैरसमज नको, तो पत्ते विकत नव्हता, खेळत होता. कोणी दात काढतो, कोणी बस चालवतो, तसा हा पोकर खेळून घर चालवायचा. या खेळात पानांइतकंच तोंडही महत्त्वाचं. हातात भिकार पानं असली तरी चेहरा असा ठेवायचा की समोरच्याने घाबरून आपली चांगली पानं टाकून द्यावीत. त्याचे सोबती त्याला मख्ख म्हणायचे, आणि खरंच, त्याच्या तोंडावरची माशीही हलायची नाही.

चार चांगली वर्षं गेली तेव्हा त्याने आईसाठी हे दुसरं घर घेतलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, खाली रस्ता, रस्त्यापलीकडे बेकरी. आईचे कपडे माझ्या पोटात असायचे आणि तिचा पलंग समोरच्या भिंतीला. तो आला की माझ्या आरशासमोर बसून चेहरा न हलवण्याचा सराव करायचा. आरशात तो फक्त तोंड बघायचा. मला त्याचे पायही दिसायचे. थाप मारताना त्याच्या पायाची बोटं चपलेत आत वळायची. हे त्याला माहीत नव्हतं आणि मी काही बोललो नाही. कपाटाच्या तोंडाला कुलूप असतं.

तेव्हा सगळे माझं कौतुक करायचे. शेजारीण तर म्हणायची, "असं कपाट आता मिळायचं नाही हो." मग आईच्या पलंगामागची भिंत ओली व्हायला लागली. वरच्या मजल्याच्या न्हाणीघराचा पाइप त्या भिंतीतून जायचा आणि आतून झिरपायचा. मुलाने रंग मारला, ओल परत आली. पुन्हा रंग मारला, पोपडे सुटले आणि मागे काळी बुरशी धरली. आईला खोकला लागला. कोरडा, खरखरीत, थांबता थांबेना असा. शेवटी तो तिला आपल्या पहिल्या घरी घेऊन गेला आणि तिथे काही आठवड्यांतच तिचा खोकला गेला. मी इथे एकटा राहिलो. दारांवर धूळ बसली. कोणी फडकंसुद्धा मारायला आलं नाही.

एक दिवस आई आणि तो दोघं आले. ती माझे खण रिकामे करत म्हणाली, "विकून टाक हे घर आणि तो खेळही सोड. तुझे हात थरथरतात आताशा, मला काय दिसत नाही?" तो म्हणाला, "घर विकलं गेलं की सोडतो. दुसरं काम मिळेपर्यंत तेवढ्यावर निभेल. नाही विकलं तर बसावंच लागेल टेबलावर." मस्करी नव्हती ती. मी त्याचे हात बघत होतो. त्याला त्या टेबलावरून उठायचं होतं, आणि या दोन खोल्या विकल्याशिवाय ते जमणार नव्हतं.

आईला पहिल्या घरी सोडून आल्यावर त्याने पलंग बाहेर काढला. मग मला ढकलत ढकलत त्या ओल्या भिंतीपाशी नेलं आणि पाठ तिला घट्ट टेकवून उभं केलं. डाग पूर्ण झाकला गेला. माझ्या जुन्या जागी फरशीवर चार पायांच्या खुणा होत्या, त्यांवर त्याने गालिचा टाकला. माझी पाठ गार पडली. पातळ फळ्या त्या, त्या फुगायला लागल्या. पण माझं कोण ऐकतंय?

घर बघायला एक बाई आल्या. समोरच्या बेकरीत त्या पहाटेपासून पाव भाजायच्या. बरोबर त्यांचे वडील होते, निवृत्त बस कंडक्टर. जिना चढून त्यांना धाप लागली होती आणि छातीतून बारीक शिट्टी वाजत होती, तरी दारात लेक थबकली तसे ते ओरडले, "पुढे सरका, पुढे सरका, दारात गर्दी नको!"

"बाबा, आपण दोघंच आहोत."

"दोघं असले तरी दार मोकळं पाहिजे."

बाई मोठ्या चौकस होत्या. त्यांनी प्रत्येक नळ सोडून बघितला, खिडक्या उघडून लावल्या आणि मग बोटाच्या पेराने भिंती ठोकत निघाल्या. एक भिंत झाली, दुसरी झाली. माझ्यापाशी येऊन त्या थांबल्या आणि भिंतीऐवजी माझ्याच दारावर टकटक केली.

"मजबूत आहे हो कपाट. पहिल्यापासून इथेच आहे?"

"त्या बाजूला होतं," मख्ख म्हणाला. "उजेड अडायचा, म्हणून हलवलं."

चेहरा बघाल तर शांत तळं. खाली बोटं मात्र चपलेत पार आत वळलेली.

"बरं केलंत," बाई म्हणाल्या. "ही खोली बाबांना देईन. मी पहाटे कामावर जाते, पण इथून हाक मारली तरी बेकरीत ऐकू येईल. दोन वर्षं शोधतोय असं घर. यांच्या छातीला कोरडी जागा हवी, डॉक्टरांनी बजावलंय." आणि त्या स्वयंपाकघर मोजायला आत गेल्या.

मख्खाने गालिच्याची दुमडलेली कड पायाने सरळ केली. मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू! अरे, तुझी आई याच भिंतीने खोकत होती ना?

बाईंचे वडील, आपण त्यांना काकाच म्हणू, खुर्चीवर टेकले. हात पोचत होता म्हणून त्यांनी माझं दार उघडलं आणि खणात राहिलेला पत्त्यांचा जोड काढला.

"अरे वा! कोण खेळतं?"

"मी. तोच माझा धंदा आहे."

"काय सांगता! मग एक डाव होऊन जाऊ दे."

पैशांऐवजी काड्यापेटीतल्या काड्या घेतल्या. मख्खाने दोघांना दोन दोन पानं वाटली आणि मधे पाच पानं एकेक करून उघडत गेला. काकांचा चेहरा म्हणजे उघडी खिडकी. हातात दोन राजे आले तसे ते गालातल्या गालात हसायला लागले. मख्खाने शांतपणे आपल्या सगळ्या काड्या पुढे सारल्या. काकांचं हसू मावळलं. त्यांनी पानं बघितली, समोरचं तोंड बघितलं, पुन्हा पानं बघितली, आणि टाकून दिली.

"हरलो बुवा. बरं, तुमच्याकडे काय होतं?"

"ते दाखवायचं नसतं, काका. तुम्ही माझ्याइतक्या काड्या लावून पुढे खेळला असतात, तर दाखवावं लागलं असतं. तुम्ही सोडून दिलंत."

"म्हणजे मी उगाच घाबरलो की काय, ते मला कधीच कळायचं नाही?"

"नाही. नियमच आहे तसा."

"हा कसला हो नियम!" काका म्हणाले. हसता हसता त्यांना खोकला आला. कोरडा, खरखरीत, थांबता थांबेना असा. तो खोकला मी ओळखला. मख्खानेही ओळखला. त्याने हातातली पानं पालथी खाली ठेवली.

तेवढ्यात बाई बाहेर आल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "बाबा, ठरलं. घेऊ या. आणि अहो, हे कपाट नेऊ नका हं. आहे तिथेच राहू द्या. त्याला टेकूनच बाबांचा पलंग टाकते."

संपलं, असं मला वाटलं. आता कोणी मला हलवणार नव्हतं. त्याने फक्त बरं म्हणायचं, की झालं. त्यांनी विचारलं नव्हतं, त्याला दाखवायची गरज नव्हती. त्याचा नियमच होता तसा. घर विकलं जात होतं आणि तो टेबलावरून सुटत होता. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

मख्ख उठला. "दाखवतो," तो म्हणाला.

"दाखवा, दाखवा!" काका खूश झाले. त्यांना वाटलं, पानं दाखवतोय.

पण त्याने पानं पालथीच ठेवली. चपला काढल्या आणि माझ्या कडेला खांदा लावला. ओलीने फुगून मी भिंतीला चिकटलो होतो, हलेना. काय चाललंय हे काकांना कळलं नव्हतं, तरी त्यांनीही उठून त्याच्या शेजारी खांदा लावला. "चला, पुढे सरका!"

मी करकरत सरकलो. माझ्या पाठीबरोबर भिंतीचा पोपडाच निघून आला आणि खाली भुगा पडला. मागे काळा डाग होता, छतापर्यंत चढलेला. खोलीभर कोंदट वास सुटला. माझी पाठ सगळ्यांसमोर उघडी पडली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी भिंतीवर तळवा ठेवला आणि ओला तळवा बघत राहिल्या. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. माझी आई याच खोलीत आजारी पडली."

"आणि तरी कपाट लावलंत? माझ्या म्हाताऱ्या बापाला इथे झोपवणार होते मी!"

"हो."

"चला, बाबा," त्या म्हणाल्या. काका दारापर्यंत गेले, त्या पालथ्या पानांकडे एकदा वळून बघितलं आणि जिना उतरले.

तो बराच वेळ जमिनीवर बसून होता. अनवाणी. बोटं सरळ. दुसऱ्या दिवशी गवंडी आणि नळवाला आले, भिंत फोडली, वरचा पाइप बदलला. त्या कामापायी त्याला परत टेबलावर बसावं लागलं. कधी आला की आरशासमोर बसायचा, पण सराव करायचा नाही, नुसता बघत राहायचा. माझी कुजलेली पाठ काढून सुताराने नवी, चांगल्या लाकडाची बसवली. भिंत पुरती वाळली तेव्हा गवंड्याने नवा गिलावा केला.

आणि एक दिवस त्या बाई परत आल्या. एकट्याच, पीठ लागलेल्या हातांनी.

"विकलं नाहीत ना अजून?"

"नाही."

"आम्ही नंतर बरीच घरं बघितली. प्रत्येक घरात एखादं तरी कपाट भिंतीला चिकटून उभं होतं. मी प्रत्येकाला म्हटलं, जरा हलवता का? एक म्हणे आत काचसामान आहे, एक म्हणे कंबर धरलीय. कोणी म्हणजे कोणी हलवलं नाही." त्यांनी कोरड्या भिंतीवर तळवा ठेवला. "या घराचं जे काय वाईट आहे, ते मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून हेच घेणार."

मख्खाचं तोंड असं काही हललं की मी इतक्या वर्षांत तसं बघितलं नव्हतं. मला रडू आलं असतं. पण लाकूड भिजलं की दारं लागत नाहीत, म्हणून आवरलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणीतरी भिंतीला टेकून उभं असेल. दारं पुसता तशी त्याची पाठही कधीतरी बघा. वर्षातून एकदा त्याला पुढे ओढा, मागे हवा खेळू द्या. मागे काय निघेल याची धास्ती वाटत असेल, तर आजच ओढा.

मी आता काकांच्या खोलीत भिंतीपासून हातभर पुढे उभा असतो. मख्ख आता गोदामात माल मोजून घेतो, दिवेलागणीला आईपाशी असतो. परवा सुट्टीच्या दिवशी तो इथे आला होता. काकांनी बसायच्या आधीच विचारलं, "धंदा सोडलात ना? मग आता तरी सांगा. त्या दिवशी काय होतं तुमच्याकडे?"

"सत्ती आणि तिर्री, काका. काहीच नव्हतं."

"दोन राजे टाकले हो मी! दोन राजे!" काका मांडीवर थाप मारून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, खुर्चीवरून घसरेपर्यंत हसले. मी आणि मख्ख घाबरून बघत राहिलो, आता खोकला येणार, आता येणार. तो आला नाही.