फोडलेली चोवीस दारं

अलंगच्या किनाऱ्यावर फोडलेल्या जुन्या जहाजांतली टेबलं भावनगरच्या निम्म्या कचेऱ्यांत आहेत, तशी ती वसावडासाहेबांच्या कचेरीतही होती. खिडकीजवळच्या टेबलाशी मंजरीबेन ओझा बावीस वर्षं बसत होत्या. इमारतींचे नकाशे काढणं हे आपलं काम आणि काढलेले बिघडवणं हे बाकीच्यांचं, असं त्यांचं मत होतं. ते त्या फारसं लपवत नसत.

त्यांची खरी दौलत संगणकात होती. दार, खिडकी, खाट, मोरी, जे जे नकाशात पुन्हापुन्हा येतं ते त्यांनी एकेकदाच, जीव लावून काढलं होतं आणि नाव देऊन ठेवलं होतं. कचेरीत त्याला ब्लॉक म्हणत. एक दार काढायचं, तेच शंभर ठिकाणी मांडायचं. पुढे मूळ दार बदललं की शंभरही बदलत, मुळाशी पाणी घालावं नि शेंड्याशेंड्याला पालवी फुटावी तशी. पथ्य एकच. मांडलेला ब्लॉक फोडायचा नाही. फोडला तरी दिसायला दार तेच दिसतं, पण मुळाशी त्याचं नातं तुटलेलं असतं. मग त्या नुसत्या चार रेघा. त्यांना ना माय, ना माहेर.

हे पथ्य कलरवला पाळता येत नसे. कलरव म्हणजे साहेबांचा भाचा. मोठ्या शहरातून पदवी आणि लहान बाटलीतून अत्तर घेऊन दीड वर्षापूर्वी आला, आणि आल्या दिवशीच सगळ्या नकाशांचा मुख्य झाला. रेघ जाड वाटली की तो ब्लॉक फोडी. रंग खुपला की फोडी. काम सुचेनासं झालं तरी फोडत असावा, असा मंजरीबेनना संशय होता. त्या त्याला ठसक्यात 'कलरवभाई' म्हणत, आणि त्याला तो मान वाटे.

सिहोरला मुलींचं नवं छात्रालय बांधायचं चाललं होतं. चार मजले, मजल्याला चोवीस खोल्या, प्रत्येक खोलीला न्हाणी. गृहमाता मुक्ताबेन महिन्यापूर्वी कचेरीत येऊन गेल्या होत्या. जुन्या छात्रालयात विभूती नावाची मुलगी न्हाणीत चक्कर येऊन पडली, ती दारालाच टेकून. दार आत उघडणारं. बाहेरून ढकलावं तर तीच चेपली जाणार. दार तोडून तिला बाहेर काढेपर्यंत पाऊण तास गेला. मुलगी वाचली, पण डावा हात उचलेनासा झाला. गारियाधारला आईकडे गेली ती परत आली नाही. मुक्ताबेननी रडगाणं गायलं नाही. नव्या न्हाण्यांची सगळी दारं बाहेर उघडली पाहिजेत, एवढंच सांगून त्या उठल्या.

मंजरीबेननी मूळ दार फिरवलं. खालचा मजला डोळ्यांसमोर होता. चोवीस दारांनी एका दमात कूस बदलली. त्या हरखल्या, आणि त्या हरखण्यात बाकीचे मजले मोजायचे राहून गेले. कलरवने नकाशे जीवराजभाईंकडे पाठवून दिले. जीवराजभाई दगडाच्या चौकटी घडवत. दाराची फळी जिथे बसते ती खाच दगडात ज्या अंगाला कापली त्याच अंगाला दार उघडतं. एकदा कापली की बदल नाही.

दहा दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी मंजरीबेननी नकाशा उघडला आणि सहज संगणकाला दाराचे ब्लॉक मोजायला लावले. शहाण्णव हवे होते. बहात्तर भरले.

दुसऱ्या मजल्यावर दारं दिसत होती, पण दार म्हणून एकही उरलं नव्हतं. सगळी फोडलेली, सगळी आत उघडणारी. त्यांनी जीवराजभाईंना फोन लावला. त्या मजल्याच्या चौकटी परवाच कापून झाल्या, असं ते म्हणाले. नकाशात होतं तसंच कापलं. बाकी मजल्यांची बाहेर आणि हीच आत कशी, असं मनात आलं होतं, पण शिकलेल्या माणसांना कोण विचारणार, असंही म्हणाले.

कलरव तळलेल्या मिरचीबरोबर गाठिया खात होता. हो, फोडली, तो म्हणाला. छात्रालयाच्या मंडळाला त्या मजल्याची रंगीत प्रत दाखवायची होती, तीत दारांची रेघ जड दिसत होती. बेन नंतर बदलणार हे त्याला काय ठाऊक?

"कलरवभाई, अलंगला जहाज फोडतात तर निदान टेबल तरी निघतं. तुम्ही फोडता त्यातून काय निघतं?"

त्याने हात पुसले आणि मामांच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने मंजरीबेनना बोलावणं आलं. साहेबांनी समजुतीचा सूर लावला. पोराचं पहिलंच मोठं काम, चौकटी कापून झालेल्या, आता बोभाटा नको. एका मजल्यावर दारं आत उघडली तर कोणाच्या लक्षात येतंय? बाहेरून उघडता येईल अशी कडी लावू.

"कडी उघडेल, साहेब. दार नाही उघडणार. दारामागे मुलगी असेल."

साहेब म्हणाले, मुक्ताबेनना नकाशा वाचता येत नाही.

मंजरीबेन त्यांच्याकडे बघत राहिल्या. कागदावर पहिली सरळ रेघ मारायला याच माणसाने शिकवलं होतं. भाच्याची कीव करता येत होती. तो मुळातच रिकामा होता. हा माणूस भरलेला होता, आणि आपल्या हाताने सांडत होता. त्यांना शिसारी आली.

चार वाजता मुक्ताबेन नकाशांवर सही करायला आल्या. साहेबांनी चहा मागवला, सगळं सांगितल्याप्रमाणे झालंय म्हणाले, पेनाचं टोपणही स्वतः काढून दिलं. कलरव शेजारी हसतमुख उभा. मंजरीबेन दुसऱ्या मजल्याचा कागद घेऊन आत गेल्या आणि तो चहाच्या कपाशेजारी पसरला.

"ही चोवीस दारं आत उघडतात. यांनी फोडली, आणि मी मोजली नाहीत."

मुक्ताबेन कागदावर वाकल्या. दारांवरून बोट फिरवत त्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या. मग पेनाला टोपण लावलं.

"वसावडाभाई, मग सही कशावर घेत होता?"

साहेबांनी चूक, घाई, उन्हाळा, सगळ्यांना पुढे केलं. मुक्ताबेननी ऐकून घेतलं. चौकटी नव्याने घडवा, प्रत्येक दार मी स्वतः ढकलून बघेन, तोवर त्या मजल्यावर एकही मुलगी राहणार नाही, असं सांगून त्या गेल्या. चहा तसाच राहिला. यापुढे बाहेरच्या माणसांसमोर तोंड उघडायचं नाही, अशी साहेबांनी मंजरीबेनना ताकीद दिली. त्या बरं म्हणाल्या. ज्याचं ऐकायचं, तो रेघ मारायला शिकवणारा माणूस आता त्या खोलीत नव्हता.

दारं नीट करायचं काम त्यांनी कलरवच्या गळ्यात घातलं. फोडलेली काढायची, ब्लॉक मांडायचा, एवढंच. अर्ध्या तासाने जाऊन बघितलं तर अकरा दारं झाली होती आणि त्यातली सात त्याने मांडून पुन्हा फोडली होती.

"रेघ जड दिसत होती, बेन," तो म्हणाला. कुठे काय बिघडलं ते त्याला खरंच कळलं नव्हतं.

मंजरीबेननी त्याला उठवलं आणि चोवीसही दारं स्वतः मांडली. मग आपल्या टेबलाशी येऊन मूळ दार उघडलं. ब्लॉक कोणालाच फोडता येऊ नये अशी एक खूण त्यात करता येते, हे त्यांना कित्येक वर्षं माहीत होतं. त्यांनी ती कधी केली नव्हती. आपल्याच माणसांत कडीकुलपं कसली, असं वाटे. ती खूण त्यांनी दाराला केली. मग खिडकीला. खाटेला, मोरीला, जिन्याला. बावीस वर्षांची एकेक चीज त्या काढत होत्या आणि कुलूप घालून परत ठेवत होत्या, पाहुणे यायच्या आधी भांडी मोजून आत ठेवावीत तशा.

थोड्या वेळाने पलीकडून कलरवचा आवाज आला. बेन, माझ्याकडून एकही फुटत नाहीये, संगणक बिघडला का?

"नाही," मंजरीबेन म्हणाल्या, आणि पुढचा ब्लॉक उघडला.