माझी काळी रेघ आणि फुकटची पीडीएफ

मी बोलतेय. वसईत, होळी नावाच्या भागात, भाजीबाजाराच्या वाटेवर युजीनचं दुकान आहे ना, त्यात दाराला लागून उभी असलेली झेरॉक्सची मशीन. कंपनीचं नाव माझ्या अंगावरून कधीच पुसलं गेलंय, ते विचारू नका. आणि आधीच सांगून ठेवते, मी जळकुकडी आहे. पुढचं सगळं एका जळकुकडीनं सांगितलेलं आहे असं समजूनच ऐका.

मुंबईत फोर्टातल्या एका वकिलाकडे मी पाच वर्षं राबले. त्यांनी नवी मशीन घेतली आणि माझी रवानगी झाली टेम्पोत. २००२ साली युजीनने मला दुकानात उतरवलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि फादरांना बोलावून माझ्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं. फादर म्हणाले, "हिच्यावर बेतानेच टाकतो रे, नाहीतर करंट लागेल." युजीन इतका हसला की मला ते दुकान तिथेच आवडलं.

काय दिवस होते ते! सकाळी शटर वर गेलं की माझ्यापुढे रांग. रेशनकार्ड, सातबारा, बाप्तिस्म्याचा दाखला, गोखिवऱ्यात नवा फ्लॅट घेतलेल्यांची जाडजूड ॲग्रीमेंटं. इथल्या लोकांची एक सवय आहे. अस्सल कागद घराबाहेर काढायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. एकदा झेरॉक्स काढायची, मुख्याध्यापकांकडून तिच्यावर 'खरी प्रत' असा शिक्का मारून आणायचा, आणि मग जगाला दाखवायची ती झेरॉक्सच. अस्सल पुन्हा कपाटात, कपाटाची चावी आईच्या कमरेला. त्यामुळे मला वाटायचं, या गावात खरं काय ते मीच ठरवते.

मग २००६ साली ती आली.

आली म्हणजे काय, दिसली नाहीच. युजीनने कॉम्प्युटरशेजारी एक चपटा स्कॅनर ठेवला. त्याच्यावर कागदाचा फोटो निघतो. ते माझं मी गिळलं असतं. पण एके दिवशी त्याने इंटरनेटवरून काहीतरी उतरवून घेतलं आणि पडद्यावर प्रिंटरच्या यादीत एक नवंच नाव उमटलं. हिला ना अंग, ना ट्रे, ना शाई. दहा फोटो दिले तर दहाही एकाखाली एक लावून एकच फाईल करून द्यायची. तिचं नाव पीडीएफ. मला तर सवतच घरात आल्यासारखं झालं!

वर युजीनने दारावर पाटी लावली: 'फोटोंची पीडीएफ करून मिळेल. फुकट.' कोणी कारण विचारलं तर म्हणायचा, "मला ते फुकट मिळालंय. त्याचे पैसे घेतले तर कन्फेशनला काय सांगू?" माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू! फुकट म्हटल्यावर लोक वाकून वाकून तिच्याकडे बघायचे, आणि मी तापून तयार उभी असले तरी माझ्या झाकणावर पिशव्या ठेवायचे. त्याच सुमारास माझ्या ड्रमवर, म्हणजे कागदावर शाई उमटवणाऱ्या पोटातल्या नळकांड्यावर, ओरखडा आला. निघणाऱ्या प्रत्येक कागदावर वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ पडायला लागली. युजीन म्हणायचा, "बदलू सावकाश." तिच्या नादात त्याला माझ्याकडे बघायला वेळ कुठला?

दोन वर्षं मी अशी जळत होते. २००८ च्या पावसाळ्यानंतर इनेझ आली. जवळच्याच वाडीतली नर्स, शांत मुलगी. कुवेतच्या एका हॉस्पिटलात तिची निवड होत आली होती. सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये पाठवायचे होते. तिथे तिशीच्या आतल्याच नर्स घेत होते आणि पुढच्या महिन्यात इनेझला तीस वर्षं पूर्ण होणार होती. ही संधी गेली की संपलं.

तिच्या हातात सात कागद होते. सातही मीच आधी काढलेल्या झेरॉक्स, 'खरी प्रत' शिक्क्यासकट. युजीनने मुकाट्याने तेच स्कॅन केले. त्यालाही त्यात वावगं वाटलं नाही, तोही इथलाच. फोटो निघाले, पीडीएफने त्यांची फाईल केली, फाईल गेली.

संध्याकाळी कुवेतहून उत्तर आलं. नर्सिंगच्या नोंदणीचा नंबर काळ्या रेघेखाली वाचता येत नाही, झेरॉक्स चालणार नाही, उद्या दुपारपर्यंत अस्सल कागद स्कॅन करून पाठवा.

खरं सांगू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जिरली त्या पीडीएफची, म्हटलं. घे, फुकटात नाव कमावत होतीस ना!

मग इनेझ माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि माझ्या अंगाला डोकं टेकून रडायला लागली.

"ओरिजिनल आण ना घरून," युजीन म्हणाला.

"मम्मी मेली तरी देणार नाही. मागच्या वर्षी डॅडी गेल्यापासून ती कागदांना कोणाला हात लावू देत नाय."

"मग?"

"सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाताना चावी उशीखाली ठेवते ती." इनेझ डोळे पुसून उठली.

दुसऱ्या दिवशी युजीनने साडेसहालाच शटर उघडलं. इनेझ ओढणीखाली कागद लपवून आली. युजीनने एकेक कागद काचेवर सरळ लावला. सात फोटो, एक फाईल. पीडीएफने काम चोख केलं, मला मान्य करावंच लागतं. मिस्सा सुटायच्या आत कागद कपाटात परत गेले, आणि महिन्याभरात इनेझ कुवेतला गेली.

आता माझ्याकडे दिवसाला चारदोन कागद येतात. रेघ तशीच आहे. गेल्या रविवारी इनेझची आई, आल्बिनाबाई, दुकानात आल्या. कपाटातले कागद बाहेर गेल्याचं त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

"युजीन, हीच ना ती मशीन? हिनंच काढले माझ्या पोरीचे कागद."

"हो आंटी, पण पाठवले ते पीडीएफ..."

"तुझं ते फुकटचं मला नाय कळत. हिच्या कागदावर शिक्का बसला नि पोर माझी पोचली."

युजीन खाली मान घालून टाइप करत राहिला. आल्बिनाबाईंनी माझ्या झाकणावरची पिशवी उचलून खाली ठेवली, पदराने धूळ पुसली आणि अंगठ्याने त्यावर छोटासा क्रूस काढला.

ज्या कौतुकासाठी मी दोन वर्षं जळले ते सगळं मला एकटीला मिळालं, आणि मला ते सोसवेना. युजीन, माझा ड्रम बदल, नाहीतर मला भंगारात दे. पण त्या बाईंना पुन्हा माझ्यापाशी उभं करू नकोस. त्यांच्या लेकीचे कागद माझ्याच रेघेपायी नाकारले गेले, त्या संध्याकाळी या दुकानात एकटी मी खूश झाले होते.