दानूच्या मातीवरचं गाणं

आंजीत शांतवन मास्तर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी त्यांचं हसू यायचं आणि मग माणूस. मिशनच्या छोट्या शाळेत ते पोरांना शिकवायचे, रविवारी शाळेच्याच खोलीत प्रार्थना चालवायचे, आणि संध्याकाळी खंजिरी सायकलला अडकवून आसपासच्या खेड्यांत भजनं गायला जायचे. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, पण मास्तरांचा आवाज लागला की इतर आळ्यांतली माणसंही ओट्यावर येऊन बसायची. प्रभूचा आनंद हा मास्तरांचा ठरलेला विषय. पीक आलं तरी आनंद, बुडालं तरी आनंद. विंचू चावला तरी मास्तर आधी देवाचे आभार मानतील आणि मग ओरडतील, असं गावात चेष्टेनं म्हणत.

त्यांची बायको भागीरथा त्या हसण्यापायीच या घरात आली होती. ती बोरगावची. तिच्या माहेरी बाप अबोल, आई कायम दुखणाईत. घरात कुणी मोठ्यानं हसलं तर बाकीचे दचकून बघायचे. त्या वस्तीत शांतवन पहिल्यांदा गायला आला तेव्हा लोकांनी त्याला हुसकावून लावलं. तो हसत गेला आणि पुढच्या आठवड्यात हसतच परत आला. भागीरथेनं तिथंच मनाशी ठरवलं. बाप्तिस्मा घेऊन तिनं लग्न केलं, माहेर काही काळ तुटलं, पण तिला त्याचं फार वाटलं नाही. देवाधर्मातलं तिला तेव्हा थोडंच कळत होतं. हा माणूस ज्याच्यामुळे असा हसतो तो देव वाईट कसा असेल, एवढंच तिला ठाऊक होतं.

लग्नाला पुष्कळ वर्षं झाल्यावर, आशा सोडून दिल्यावर, त्यांना मुलगा झाला. दानियल. घरात दानू. बापाचं हसू आणि आईचा हट्ट घेऊन आलेला. पुस्तकात त्याचं मन रमेना, बैलांत रमे. मिसरूड फुटल्यावर तो किसनराव पाटलांच्या शेतीवर गाडीवान म्हणून लागला.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात, नाताळाला थोडेच दिवस राहिले असताना, दानू कापसाची गाडी घेऊन वर्ध्याला निघाला. नाल्याच्या उतारावर समोरून ट्रक आला, बैल बुजले आणि भरलेली गाडी कलंडली. दानू गाडीखाली सापडला. मागच्या गाडीवाल्यांनी त्याला ओढून काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. त्याला दारात आणून ठेवलं, तेव्हा त्याच्या केसांत कापूस अडकलेला होता. भागीरथा तो एकेक बोंड वेचल्यासारखा काढत बसली. कुणी उठवलं तरी उठली नाही.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या बोरींखाली माती झाली. बायका भागीरथेला दोन्हीकडून धरून होत्या. खड्ड्यात पेटी उतरवली आणि शांतवन मास्तरांनी खंजिरी हातात घेतली. नेहमीच्याच खड्या आवाजात ते गायला लागले. मरणाची नांगी मोडली, माझा राजा जिंकला, अशा अर्थाचं ते भजन होतं. एक कडवं झालं, दुसरं झालं. आवाज कुठं कापला नाही. चेहऱ्यावर हसू होतं. किसनराव पाटील डोळे पुसत शेजारच्याला म्हणाले, "केवढी ही श्रद्धा! माहा पोरगा असता तर मी उभा बी राहू शकलो नसतो."

भागीरथेनं ते ऐकलं. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ज्या हसण्यासाठी ती माहेर सोडून आली होती तेच हसू तिच्या लेकरावर माती पडत असताना तिथं होतं. तिनं तोंड फिरवलं.

नाताळ आला. घरी दिवा लावू नये असं तिला वाटत होतं. मास्तरांनी मात्र शाळेची खोली पताकांनी सजवली आणि मेंढपाळांना देवदूतानं आनंदाची बातमी कशी दिली ते सांगता सांगता नाचायचे तेवढे बाकी राहिले. लोक भारावून गेले. घरी आल्यावर भागीरथेनं चूल पेटवली नाही. भिंतीला टेकून ती बसून राहिली.

"दानूची माय, सणाच्या दिवशी अशी काऊन बसली?" मास्तर म्हणाले.

"अजी, एक इचारू? दानू गेल्यापासून तुमी एकदा तरी रडले का?"

"रडू कायले? तो प्रभूजवळ हाय. आपल्यापेक्षा सुखात हाय."

"त्याले भाकर कोन देते तिथी? माह्या हातची?"

"भागीरथा, असं नाई बोलू. हा अविश्वास हाय."

"असू द्या." ती उठली. "तुमच्या देवाले म्हना, मी माहेरी चालली. तुमी दोघं मिळून आनंद करा."

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. सवयीनं ओठ हसल्यासारखे झाले.

सकाळी ती बोरगावला गेली. आईबाप केव्हाच वारले होते; घर आता धाकट्या भावाचं, बापूरावाचं होतं. त्यानं आदल्या वर्षीच्या दसऱ्याला नागपुरात धम्म घेतला होता. देव्हाऱ्याच्या जागी आता बुद्धाची तसबीर होती. बहीण दारात उभी दिसली तसा तो उठून उभा राहिला. त्याची बायको सीताबाई सुपात ज्वारी पाखडत होती. ती सूप टाकून धावत आली, तिनं नणंदेला मिठी मारली आणि मोठ्यानं रडायला लागली. "बाई वो, कसं हो झालं असं! कसा राजावानी पोरगा!" भागीरथाही रडली. गळा सोडून, जमिनीवर हात आपटून रडली. इतक्या दिवसांत तिला कुणी असं रडू दिलं नव्हतं.

ती राहिली. कुणी तिला परत केव्हा जाणार म्हणून विचारलं नाही. एकदा बापूराव जवळ येऊन बसला. म्हणाला, "बाई, मी आता देव मानत नाई, तुले ठाऊक हाय. मले तुले समजावता येत नाई. पन घर तुहं हाय."

"समजावू नोको बापू," ती म्हणाली. "समजावून समजावून माहा जीव गेला."

ती प्रार्थना करत नव्हती. भांडी घासताना एखादं भजन आपोआप ओठांवर यायचं. कळलं की ती ते तिथंच दाबून टाकायची. रागानं तिला धरून ठेवलं होतं. तो राग गेला तर खाली काही उरणार नाही, अशी तिला भीती वाटे.

फाल्गुनात, उन्हं तापायला लागल्यावर, एका दुपारी शांतवन मास्तर आले. सायकल नव्हती. आंजीहून पायी आले होते. भागीरथेनं त्यांना आधी ओळखलंच नाही. गालफडं बसली होती, दाढी वाढली होती, आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते नसलं की हा माणूस कसा दिसतो हे तिनं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. सीताबाईनं त्यांना पाणी दिलं आणि ती आत निघून गेली.

मास्तर ओट्याच्या कडेला बसले. पाणी न पिताच त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मले गाता येऊन नाई राह्यलं," ते म्हणाले.

भागीरथा दाराच्या चौकटीशी बसली.

"आपल्या मंडळीतल्या आनंदाबाईच्या घरी नातू झाला. आभाराची प्रार्थना ठेवलती. खंजिरी घेऊन उभा राह्यलो. ते लेकरू आनंदाबाईच्या मांडीवर होतं. तोंड उघडलं तर आवाजच नाई निघाला. लोकाईले वाटलं मास्तरले चक्कर आली. तवापासून असंच हाय. लोक रविवारी येतात, बसतात, अन् उठून जातात."

याच दिवसाची तिनं वाट पाहिली होती. त्याचं हसू मोडावं, त्याला कळावं, असं तिनं दात-ओठ खाऊन मनात घोकलं होतं. आता ते समोर होतं आणि तिच्या जिवाला जराही थंडावा नव्हता.

"मंग तो आनंद खोटा होता का?" तिनं विचारलं. तिला खरोखरच हवं होतं ते उत्तर.

मास्तरांनी मान हलवली. "खोटा नवता. दानू त्याच्याजवळ हाय, हे मले आज बी ठाऊक हाय. पन दानू माह्याजवळ नाई, हे बी तेवढंच खरं हाय. हे दुसरं म्या कोनाले सांगितलंच नाई. तुले नाई, देवाले बी नाई. मले वाटे, गाणं थांबलं तर मी त्याच्या मागं त्या खड्ड्यात उतरीन. म्हनून गात राह्यलो. अन् त्या खड्ड्यात तू एकटीच उभी राह्यली." ते ओट्यावरून उठले. "मले माफ कर असं नाई म्हनत मी. घरी चाल एवढंच म्हनतो. घर लई मोठं झालं आता."

भागीरथेनं पदरानं तोंड झाकलं. मग आत जाऊन लुगड्याचं गाठोडं बांधून बाहेर आली. बापूराव त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि मास्तरांचा हात धरून म्हणाला, "भाऊजी, बाईले सांभाळजा."

आंजी जवळ आल्यावर दोघंही बोरींकडे वळली. मातीचा ढिगारा आता बसत चालला होता. दोघं त्याच्या दोन बाजूंना बसली. भागीरथा म्हणाली, "लहान असताना त्यानं तुमाले इचारलतं, आठवते का? तुमी योनाची गोष्ट सांगत होते."

मास्तरांनी वर पाहिलं.

"उभा राहून म्हने, बाबा, तो माश्याच्या पोटात व्हता तं त्यानं शी कोठी केली?"

मास्तरांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. ते हसत होते. त्या दिवशी भर प्रार्थनेत सगळी खोली हसून लोळली होती आणि मास्तरांना पुढची प्रार्थना म्हणताच आली नव्हती. भागीरथाही हसायला लागली. हसता हसता ते दोघं केव्हा रडायला लागले ते त्यांनाही कळलं नाही. मास्तर ढिगाऱ्यावर आडवे पडले, दोन्ही हातांनी माती कवटाळली आणि लहान पोरासारखे ओरडले, "माहा दानू! माहा दानू वो!" भागीरथेनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

पुढच्या रविवारी खोली भरली. मास्तर पुढे गेले नाहीत, लोकांत खालीच बसले. बसल्या बसल्या त्यांनी देवाशी बोलायला सुरुवात केली. "प्रभू, माहा पोरगा मेला," एवढंच म्हणाले आणि पुढं त्यांना बोलवेना. कुणी खोकललं, कुणी नाक ओढलं. आनंदाबाई हुंदका देऊन रडली. मग एकेक माणूस रडायला लागला, प्रत्येकजण आपापल्या मेलेल्यांसाठी. भिंतीशी बसलेल्या भागीरथेला त्या रडण्यात एकाएकी वाटलं की खोलीत आणखी कुणीतरी आहे, आणि तोही खाली बसला आहे, रडतो आहे. डोक्यावरचा भारा तसाच होता, पण एका बाजूनं कुणीतरी हात लावला होता. दुःख तसूभरही कमी झालं नव्हतं, आणि तरी तिला तिथून उठावंसं वाटेना. याला काय म्हणायचं ते तिला कळलं नाही. आनंद हा शब्द तिनं मनात उच्चारून पाहिला आणि दानूच्या आठवणीनं ती पुन्हा रडायला लागली.

लोक पांगले. दोघं घराकडे निघाली. भरदुपारी रस्त्यावर माणसं होती.

"बरं वाटते का काही?" मास्तरांनी विचारलं.

"नाई."

"मले बी नाई."

भागीरथेनं चालता चालता त्यांचा हात धरला. आंजीच्या रस्त्यात नवरा-बायको असं चालत नसत. ओट्यावरचे लोक बघत राहिले. तिनं हात सोडला नाही.