खाडीच्या दारावर टेकलेला हात

मी उघाडी बोलतेय. पेणजवळच्या खाडीच्या बांधातलं लाकडी दार. रोह्याच्या जनू सुतारानं मला सागवानात घडवलं, वरच्या अंगाला बिजागऱ्या ठोकल्या आणि इथं आणून टांगलं. भरतीला खाडीचं पाणी मला दाबून बंद करतं, ओहोटीला शेतातलं पाणी मला ढकलून बाहेर पडतं. कुलूप नाही, किल्ली नाही. याचा मला भारी तोरा होता.

माझ्या तोंडाशी चिखल साचतो. तो उपसायची गावात दर अमावास्येला एकेका घराची पाळी असते. दिनानाथ आपल्या पाळीला प्रभू येशूची गाणी म्हणत यायचा. मग कंपनीत मशीनमध्ये त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. गावाला दया आली. बिचाऱ्याला कशाला त्रास, म्हणत त्याचं घर पाळीतून वगळलं. मेली ती दया! तेव्हापासून माणूस नुसता बांधावर बसून राहायला लागला. दोन वर्षं. त्याची बायको दिपिका रविवारी चर्चला एकटीच जाई. हा माझ्यापाशी बसून प्रभूला विचारी, मला ठेवलंस तरी कशाला? खरं सांगते, मलाही प्रभूचा रागच यायचा.

त्याची पाळी दुसऱ्या कुणी घेतली नाही. मग बाकीची घरंही आपापली पाळी चुकवू लागली. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नव्हे. यंदा श्रावणात चिखल माझ्या छातीपर्यंत चढला आणि मी रुतले. ओहोटी लागली तरी हलता येईना. आत अख्ख्या गावाचं भात बुडालेलं. आणखी एक दिवस गेला असता तर सगळं कुजलं असतं. माणसं मात्र बांधावर उभी राहून चिखल उपसायचं मशीन कधी येतंय त्याची वाट बघत होती.

तेवढ्यात दिनानाथ पुढे आला. प्रार्थनेला दोन हात लागतात अशी माझी समजूत. त्यानं डावा तळवा माझ्या फळीवर टेकला नि डोळे मिटले.

"प्रभू, हात परत नाय मागत. काम दे."

आणि कमरेएवढ्या चिखलात उतरला. घमेलं मांडीला टेकवून एका हातानं उपसू लागला. मिठागरात जन्म काढलेली बायजाबाई हे बघत होती. ती माणसांकडे वळली. "त्येला येक हात कमी हाय. तुमाला काय कमी हाय?" असं म्हणून म्हातारी स्वतःच उतरली. मग दिपिका, मग सारा गाव.

माझा तळ सुटला तशी माणसं बाजूला सरली. आतलं पाणी असं धडधडत आलं की मी उचलली गेले. लाकडालाही शहारा येतो, हे मला कुठं ठाऊक होतं? उभा जन्म पाण्याचं बळ पाहिलेली मी, त्या दिवशी देवाचं बळ पाहून थक्क झाले. त्यानं हात परत दिला नाही, माणूस परत दिला.

चिखलानं माखलेला दिनानाथ रडतही होता, हसतही होता. "पुढल्या अमावास्येची पाळी माझी," तो म्हणाला. "कोणी मदी यायचं नाय."

आता माझ्या कडा कुजल्यात. लोखंडी दार येणार म्हणतात. येऊ दे. तुमच्या गावात कुणी असा बांधावर बसलेला असेल, तर त्याची कीव करू नका. त्याला काम सांगा.